जमखंडीचे दोघे आणि पुण्याची आतली वाट

१९३३ साली महाराष्ट्राच्या धर्मजीवनाविषयी दोन पुस्तकं निघाली. एक इंग्रजीत, पुण्यात छापलेलं, ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतच्या संतांना आलेल्या अनुभवांचा कसून शोध घेणारं. दुसरं मराठीत, 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' या नावाचं, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांचा इतिहास खणून काढणारं. पहिल्याचे लेखक प्रा. रामचंद्र दत्तात्रय रानडे, ज्यांना पुढे लोक गुरुदेव म्हणू लागले. दुसऱ्याचे लेखक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. ग्रंथालयात ही दोन पुस्तकं वेगवेगळ्या दालनांत असतात, एक तत्त्वज्ञानात आणि दुसरं समाजशास्त्रात. पण त्यांचे लेखक एकाच गावचे. दोघे जमखंडीचे, दोघे शिकायला पुण्यात आले, आणि पोटापाण्यापलीकडचं टिकाऊ समाधान आतच शोधावं लागतं, हे दोघांनीही तरुण वयातच मनाशी पक्कं केलं होतं.

पुण्याचा इतिहास सांगताना पेशवाई येते, टिळक-आगरकर येतात, संस्था आणि सभा येतात. या शहराची आतली वाट मात्र सहसा निसटते. ती निसटते, कारण ती मठांतून किंवा गुहांतून गेली नाही. कॉलेजचे वर्ग, वसतिगृहाच्या खोल्या, वाड्यांतली बिऱ्हाडं, शाळांची पटांगणं अशा साध्या ठिकाणांहून ती गेली. घर आणि नोकरी न सोडता, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं करायचा अभ्यास हेच तिचं पुणेरी रूप. आणि तीच तिची ताकदही ठरली.

जमखंडी हे पटवर्धनांचं संस्थान. आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, असा तो मुलूख. शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, रानड्यांचा ३ जुलै १८८६ चा. शिंद्यांचे वडील रामजीबाबा वारकरी. घरात पैशांची ओढाताण कायमची, पण अभंगांचीही सोबत कायमची. रानडे ब्राह्मण कुटुंबातले. दोघांमध्ये तेरा वर्षांचं अंतर, आणि जातीचं त्याहून मोठं. तरी दोघांच्याही कानावर लहानपणापासून जे पडलं ते सारखंच होतं: देव देवळात भेटतो तितकाच नामात भेटतो, आणि नाम घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

१९०१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रानड्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं. ही परंपरा निंबरगी महाराजांची. लिंगायत गुरू आणि ब्राह्मण शिष्य अशी तिची आधीची साखळी होती, आणि तिच्यात संसार सोडण्याची अट नव्हती. पुढच्याच वर्षी रानडे मॅट्रिक झाले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाले. मुळा-मुठेच्या पलीकडे, येरवड्याच्या बाजूला, झाडीत वसलेलं हे कॉलेज. तरुणपणीच मोठ्या आजाराने त्यांना गाठलं. त्या दिवसांत नामाचा आधार त्यांनी अधिक घट्ट धरला आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यासही तिथूनच खोल गेला. १९१४ साली ते एम. ए. झाले, कुलपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

रानडे नाम घेत होते, त्याच काळात ग्रीक तत्त्वज्ञही वाचत होते. हेराक्लायटस आणि पार्मेनिडीस यांच्यावर त्यांनी लिहिलं. सकाळी ध्यान, दुपारी वर्गात प्लेटो, अशी विभागणी त्यांना कधी खटकली नाही. अनुभव खरा असेल तर तो बुद्धीपुढे उभा राहिलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२४ साली त्यांनी पुण्यात 'अॅकॅडमी ऑफ फिलॉसफी अँड रिलिजन' ही संस्था काढली, तीही याच धारणेतून. निरनिराळ्या धर्मांतल्या साधकांचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवून तपासावेत, अशी त्यामागची कल्पना. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम आणि रामदास यांच्या निवडक वचनांचे 'वचनामृत' ग्रंथ त्यांनी सिद्ध केले. ते आजही नेमाने वाचणारी घरं आहेत.

१९२६ साली त्यांचा उपनिषदांवरचा मोठा ग्रंथ पुण्यातून प्रसिद्ध झाला. त्यातलं नीतीविषयीचं प्रकरण आज वाचताना थबकायला होतं. माणसाने कशासाठी जगावं, या प्रश्नाची उपनिषदांतली उत्तरं रानडे एकेक करून मांडतात: सुखाचा त्याग, जगाचा वीट, संन्यास, शांत निष्क्रियता, अखंड कर्म, ऐहिक आणि पारलौकिक कल्याण. हे सगळं पार करत ते आत्मसाक्षात्काराच्या ध्येयापाशी येतात. आपल्यात जे बीजरूपाने आहे ते पुरतं फुलवणं, हे ते ध्येय. अमेरिकेत अब्राहम मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा मानवी प्रेरणांवरचा लेख १९४३ साली आला. भूक, सुरक्षितता, प्रेम आणि मान यांच्याही वर त्याने आत्मपूर्तीची गरज ठेवली. दोघांची भाषा वेगळी आणि हेतूही वेगळे. मॅस्लो निरोगी माणूस कसा असतो हे शोधत होता, तर रानडे देव भेटलेला माणूस कसा असतो हे. पण प्रश्न त्याच घराण्यातला आहे, आणि तो आधीच फर्ग्युसनच्या टेकडीखाली तपशिलाने मांडला गेला होता.

१९३३ च्या ग्रंथात रानड्यांनी संतांची जी वर्गवारी केली तीही धीट आहे. ज्ञानदेवांचा मार्ग बुद्धीचा, नामदेव आणि त्यांच्या सोबत्यांचा लोकशाहीचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिगत, रामदासांचा कर्माचा. सगळ्यात रेंगाळावंसं वाटतं ते तुकारामांच्या प्रकरणात. स्पेनमधल्या सेंट जॉन ऑफ द क्रॉस या संताने साधकाच्या वाटेवरच्या काळोख्या रात्रीचं वर्णन केलं आहे. तीच रात्र रानड्यांना देहूत दिसली. दुष्काळ, बुडालेला धंदा, बायकोचा मृत्यू, लोकांची निंदा. त्याहून मोठं दुःख म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं सोसलं तो देव काही बोलत नाही. या तगमगीचे अभंग रानडे एकामागून एक ठेवतात, मग उजाडू लागल्याच्या खुणा दाखवतात, आणि शेवटी तृप्तीचे अभंग येतात. गाथेतल्या अभंगांवर तारखा नाहीत, त्यामुळे हा क्रम रानड्यांनी लावलेला आहे आणि अभ्यासक त्याच्याशी भांडू शकतात. तरीही ते वाचन मोलाचं आहे. आतल्या वाटेवर निराशा हा अपघात नसून मुक्काम आहे, हे त्यांनी तुकारामांच्याच तोंडून दाखवलं. आत वळलं की लगेच शांती मिळते, असं सांगणाऱ्यांची आज कमतरता नाही. रानड्यांनी तसं कधीच सांगितलं नाही.

१९२७ साली ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले. तिथेच विभागप्रमुख झाले, कुलगुरूपदही सांभाळलं. निवृत्तीनंतर ते विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला राहिले आणि ६ जून १९५७ रोजी तिथेच गेले.

शिंद्यांची वाट दुसरीकडे वळली. १८९३ च्या सुमारास ते फर्ग्युसनमध्ये आले. मिल आणि स्पेन्सर वाचून जुन्या श्रद्धा हलल्या होत्या, आणि नुसत्या तर्काने मन भरत नव्हतं. त्या पोकळीत प्रार्थना समाज आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान तिथे उपासना चालवत. मूर्ती नाही, भटजी नाही. तुकारामांचे अभंग, प्रवचन आणि शांतपणे केलेली प्रार्थना. शिंदे १८९८ साली या समाजाचे सभासद झाले. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

१९०५ साली अहमदनगरजवळच्या भिंगारला रात्री महार मंडळींची सभा भरली होती. तिथे शिंद्यांनी जे ऐकलं आणि पाहिलं त्याने त्यांच्या उपासनेची दिशा कायमची बदलली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी' स्थापन केली. शाळा, वसतिगृहं, उद्योगशिक्षण आणि भजन-प्रार्थना असं तिचं काम होतं. शिंदे स्वतः कुटुंबासह या कामात उतरले. त्यांची बहीण जनाक्का हिने आयुष्य त्यातच घातलं. पुण्यात मंडळीचं काम नाना पेठेत रुजलं आणि अहिल्याश्रमाची वास्तू उभी राहिली. पालखीच्या दिवसांत तुकोबांची पालखी नाना पेठेतल्याच निवडुंग्या विठोबापाशी उतरते. ज्या पेठेत वारकऱ्यांचा मेळा भरतो त्याच पेठेत, ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांची मुलं शिकू लागली.

अंतर्मुख होण्याविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न शिंद्यांच्या आयुष्यात दडलेला आहे. आत वळायला उसंत लागते. दारात बसायची जागा, पोटात अन्न, आणि तू माणूस आहेस असं सांगणारं कुणी तरी लागतं. हे ज्यांना नाकारलं गेलं त्यांना ध्यानाचा उपदेश करणं शिंद्यांना क्रूर वाटलं असतं. म्हणून त्यांनी आधी शाळा काढली आणि शाळेतच प्रार्थना ठेवली. महात्मा फुल्यांनी याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यामागेही निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये कुणी दलाल नको, हाच आग्रह होता. शिंदे त्या आग्रहाचे वारसदार.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९१७ साली काँग्रेसकडून अस्पृश्यता निवारणाचा ठराव करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण पुढे राखीव जागा आणि मतदारसंघांच्या वादात अस्पृश्य पुढाऱ्यांशी त्यांचं अंतर पडलं. सवर्णांना तर ते आधीपासूनच नकोसे होते. १९२३ साली ते मंडळीच्या कारभारातून बाहेर पडले. १९३० साली सविनय कायदेभंगात सहा महिन्यांची शिक्षा होऊन ते येरवड्याच्या तुरुंगात गेले, आणि तिथेही वाचन, चिंतन आणि रोजनिशी सुटली नाही. सगळ्या बाजूंनी एकटा पडलेला हा माणूस कडवट झाला नाही, हे त्यांच्या उपासनेचं सर्वांत भक्कम प्रमाण म्हणावं लागेल. २ जानेवारी १९४४ रोजी ते पुण्यात गेले.

रानड्यांचा धागा पुण्यात पुढे नेला तो त्यांचे विद्यार्थी शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर यांनी. सोनोपंतांचे पारमार्थिक गुरू विष्णुबुवा जोग, पुण्यातले कसलेले पैलवान. आखाडा सोडून ते वारकरी झाले आणि १९१७ साली आळंदीला त्यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. सोनोपंत स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत, पुढे प्राचार्य झाले. वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, संध्याकाळी कीर्तन, आषाढीला वारी. त्यांची 'सार्थ ज्ञानेश्वरी' १९५३ साली निघाली आणि मराठी घरांत घरचीच होऊन गेली. मूळ ओवी, खाली सोपा अर्थ. ऑफिसला जायच्या आधी रोज पाच-दहा ओव्या वाचणाऱ्या कारकुनाला, शिक्षिकेला, पेन्शनराला ज्ञानदेवांशी स्वतः बोलता यावं, ही सोय सोनोपंतांनी करून दिली. पुण्याच्या आतल्या वाटेवर सर्वांत जास्त पावलं कुठल्या पुस्तकामुळे पडली असतील, तर ती याच पुस्तकामुळे.

कॅम्पात रानडे-शिंद्यांच्याच काळात वेगळंच काही घडत होतं. चार बावडी भागात एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान ही वृद्ध फकीर स्त्री बसलेली असे. ऊन-पावसात तिथेच. लष्करातले पठाण शिपाई, पारशी, हिंदू असे सगळे तिच्यापाशी येत. डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी सायकलवरून जाताना १९१३ साली तिला भेटला आणि त्याचं आयुष्य उलटंपालटं झालं. कॉलेज सुटलं, कित्येक महिने भान हरपल्यासारखी अवस्था राहिली, मग हळूहळू तो व्यवहारात परतला. हाच पुढे मेहेरबाबा म्हणून ओळखला गेला. १० जुलै १९२५ पासून त्यांनी जे मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. रानडे कॉलेजातून पुढे गेले आणि मेरवान कॉलेजातून बाहेर पडला, पण दोघांची सुरुवात त्याच येरवड्याच्या झाडीत झाली होती.

रानड्यांनी संस्था काढली त्याच १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. योगाच्या क्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांना यंत्रांनी मोजायचं होतं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं. हे प्रयोग 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून ते जगापुढे ठेवत. रानड्यांनी अनुभव ग्रंथांच्या कसोटीला लावला, कुवलयानंदांनी प्रयोगशाळेच्या.

१९३७ साली बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पुण्यात आला. निवृत्त सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्याने म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांकडे योगशिक्षक मागितला होता, आणि थोडंफार इंग्रजी येतं म्हणून याची निवड झाली. करार सहा महिन्यांचा. मराठी येत नव्हती, लहानपणच्या दुखण्यांनी छाती खपाटीला गेलेली, मॅट्रिकही पार पडलेली नव्हती, आणि पुढ्यात वयाने आणि शिक्षणाने मोठे विद्यार्थी. सांगायला शास्त्र नाही म्हटल्यावर त्याने स्वतःचं शरीरच तपासायला घेतलं. दिवसाचे कित्येक तास एकेक आसन करून बघायचं, कुठे ताण येतो, श्वास कुठे अडतो, मन कुठे पळतं हे नोंदवायचं. सहा महिन्यांसाठी आलेला हा माणूस पुण्याचाच झाला. २० ऑगस्ट २०१४ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, इथेच गेला.

१९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि अय्यंगारांना परदेशची दारं उघडली. १९६६ साली आलेल्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथात आसनांची सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत. पण त्यांचं खरं देणं पाहायचं तर मॉडेल कॉलनीतल्या संस्थेच्या दालनात पाहावं. भिंतीला लावलेले दोर, लाकडी विटा, पट्टे, उशा, आणि पाठीचा पत्रा काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या. गुडघे धरलेल्या बाईला, पाठ वाकलेल्या म्हाताऱ्याला, शस्त्रक्रियेतून उठलेल्या रुग्णाला जे आसन जमत नाही, ते या साधनांच्या आधाराने जमवायचं आणि त्यात स्थिर राहू द्यायचं. स्थिर राहिलं की मन आपोआप आत जातं, असा त्यांचा अनुभव होता, आणि पतंजलीची सूत्रं ते याच अनुभवातून वाचत. पत्नी रमामणी संस्थेच्या भूमिपूजनानंतर काही दिवसांतच १९७३ च्या जानेवारीत गेल्या. त्यांच्याच नावाने १९७५ च्या जानेवारीत संस्था सुरू झाली. कन्या गीता यांनी पुढे स्त्रियांच्या शरीराचा, पाळीचा आणि गर्भारपणाचा विचार करून अभ्यासक्रम बसवला. पुरुषांनी पुरुषांसाठी आखलेल्या वाटेवर ही मोठीच दुरुस्ती होती.

त्याच सुमाराला, १९७४ च्या मार्चमध्ये, कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम आला. पाठोपाठ मॅस्लोची कल्पनाही पुण्यात आली, तीही पाश्चात्त्य उपचारकांच्या सामानातून. कॅलिफोर्नियात एसालेनसारख्या ठिकाणी आत्मपूर्तीची शिबिरं भरत. तिथल्या पद्धती शिकलेली माणसं कोरेगाव पार्कात गट चालवू लागली. दाबलेला राग आणि वासना काही दिवसांत उघड्यावर काढायच्या, अशी पद्धत. काहींना त्यातून मोकळं झाल्यासारखं वाटलं, यात शंका नाही. पण मारामारीपर्यंत गेलेल्या गटांनी माणसं दुखावलीही. एसालेनचे एक संस्थापक रिचर्ड प्राइस स्वतः इथे आले, नाराज होऊन परतले आणि ती नाराजी त्यांनी जाहीरपणे मांडली. १९७९ च्या सुमारास ही हिंसा थांबवण्यात आली.

कोरेगाव पार्क आणि मॉडेल कॉलनी यांच्यात अंतर काही मैलांचं. एकीकडे परदेशी पाहुण्याला उतरल्याच्या आठवड्यात गटात प्रवेश मिळे. दुसरीकडे अय्यंगारांच्या संस्थेत शिकायला यायचं तर आधी आपल्या गावी कित्येक वर्षांचा सराव असावा लागे, तो त्यांच्या पद्धतीच्या शिक्षकाकडे झालेला असावा लागे, आणि अर्ज केल्यावरही पाळी यायला बराच काळ थांबावं लागे. तरी अर्ज येत राहिले. वर्गात मात्र हे पाहुणे मॉडेल कॉलनीतल्या गृहिणींशेजारीच उभे राहत आणि सर्वांबरोबर पहिल्या आसनापासून, ताडासनापासून, सुरुवात करत.